कागदावर कन्सल्टंट, प्रत्यक्षात नोकरदार: कर आणि हक्कांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जुलैत रिटर्न भरायला माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात फॉर्म १६ (पगारावरच्या करकपातीचा दाखला) ऐवजी १६ए (पगाराखेरीज इतर रकमांवरच्या कपातीचा) असतो. ठरलेल्या वेळी ऑफिसात हजर, रजेसाठी साहेबांची परवानगी, महिनाअखेर ठरावीक रक्कम. पण कागदोपत्री ते 'व्यावसायिक सल्लागार'. मग कधी पीएफ कार्यालयाची चौकशी लागते, कधी कंपनीच 'तुम्हाला रोलवर (पगारी कर्मचाऱ्यांच्या पटावर) घेतो' म्हणते, कधी कामावरून काढल्यावर माणूस दाद मागायला जातो. तिथून प्रश्नांची रांग सुरू होते.

खालची उत्तरे भारतातल्या कायद्यांपुरती आहेत, राज्याचा विषय आला तिथे महाराष्ट्रापुरती. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून. पण असे वाद बहुतेक वेळा मागच्या वर्षांचे असतात आणि त्या वर्षांचा हिशेब जुन्या कायद्यांनी होतो. म्हणून दोन्हींचा उल्लेख येईल.

माझ्या करारातच लिहिले आहे की मी कर्मचारी नाही. मग वादाला जागा कुठे उरते?

उरते, आणि भरपूर उरते. करार वाचला जातो, पण निकाल कामाच्या पद्धतीवर लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सौराष्ट्रातल्या मिठागरांवरच्या आगरियांना कामगार ठरवले. त्या वेळी कसोटी होती नियंत्रणाची: काय करायचे एवढेच मालक सांगतो, की ते कसे करायचे हेही तोच ठरवतो?

पुढे ही एक कसोटी पुरेना. १९६१ मधली विड्या वळणाऱ्यांची दोन प्रकरणे मी नेहमी सांगतो, कारण दोन्ही आपल्याकडची आहेत. नागपूरच्या कारखान्यातले कामगार आपल्या सोयीने ये-जा करत, मजुरी नगावर होती; तरी ते कामगार ठरले, कारण काम कारखान्यातच करावे लागे आणि दुपारपर्यंत न आल्यास त्या दिवशी काम मिळत नसे. त्याच वर्षी सिन्नरच्या एका विडी कामगाराबाबत न्यायालयाने उलट निकाल दिला: त्याच्यावर वेळेचे बंधन नव्हते, येण्याची सक्ती नव्हती, म्हणून तो कारखाने कायद्याखालचा कामगार नाही. धंदा एकच, मजुरीची पद्धत एकच, पण निकाल दोन. इतक्या बारीक तपशिलावर हे सगळे अवलंबून असते.

१९७३ मध्ये सिकंदराबादच्या एका शिवणकामाच्या दुकानातले शिंपी कर्मचारी ठरले. मजुरी नगावर होती, कामाचे तास ठरलेले नव्हते. पण शिलाई मशीन दुकानाचे होते आणि शिवलेला कपडा मालकाला पटला नाही तर तो पुन्हा शिवायला लावू शकत होता. १९७८ मध्ये केरळच्या एका दोरखंड कारखान्याच्या प्रकरणात न्यायालयाने मधल्या कंत्राटदाराचा पडदा बाजूला सारून पाहिले की कामगाराची चूल खरोखर कोणाच्या धंद्यावर पेटते.

आज माझ्यासारख्याच्या बाबतीत नेमके काय पाहतील?

एक ठराविक यादी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका मानद डॉक्टरच्या प्रकरणात सगळ्या जुन्या कसोट्यांचा आढावा घेतला आणि अनेक गोष्टी एकत्र तोलायला सांगितल्या. नियंत्रण कोणाचे, साधने कोणाची, मोबदला पगारासारखा ठरलेला की कामाप्रमाणे, दुसरीकडे काम करायला मुभा आहे का, नफ्यातोट्याचा धोका कोण उचलतो, तुम्ही त्या संस्थेच्या रचनेचा भाग आहात की बाहेरून सेवा देता. त्या प्रकरणात डॉक्टर स्वतंत्र व्यावसायिकच ठरले, आणि त्यांच्या कुटुंबाला त्याचा फायदाच झाला, कारण विम्याची रक्कम 'कर्मचारी' म्हणून मर्यादित झाली असती. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या ठरावीक मानधनावरच्या डॉक्टरांबाबतही मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते कर्मचारी नाहीत असेच म्हटले.

हे मुद्दाम सांगतो, कारण लॅपटॉप कंपनीचा आहे एवढ्यावर आपण नोकरदार ठरू अशी आशा धरून लोक येतात. एका मुद्द्यावर निकाल लागत नाही. तुमच्या जागी तुम्ही दुसरा माणूस पाठवू शकता का, हा प्रश्न मात्र स्वतःला जरूर विचारा. ते शक्य नसेल, दुसरे गिऱ्हाईक घ्यायला बंदी असेल आणि दर महिन्याला तीच रक्कम 'बिल' म्हणून लावायला कंपनीच नमुना देत असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे.

हे ठरवणारे एकच कार्यालय आहे का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. भविष्य निर्वाह निधीपुरते पीएफ आयुक्त ठरवतात (१९५२ च्या कायद्याचे कलम ७ए), ईएसआयपुरते (कामगारांचा आरोग्य विमा) कर्मचारी राज्य विमा महामंडळ, कामावरून काढल्याच्या वादात औद्योगिक न्यायाधिकरण, टीडीएसपुरते आयकर अधिकारी. प्रत्येक कायद्याची 'कर्मचारी' शब्दाची व्याख्या वेगळी. पीएफ कायद्याची सर्वांत ऐसपैस: आस्थापनेच्या कामाशी संबंधित कोणतेही काम करून थेट किंवा आडवळणाने वेतन घेणारा, कंत्राटदारामार्फत आलेलासुद्धा. औद्योगिक संबंध संहितेतली 'कामगार' ही व्याख्या त्याहून अरुंद. व्यवस्थापकीय काम करणारे तिच्याबाहेर, आणि पर्यवेक्षक असाल तर महिना १८,००० रुपयांवर वेतन गेले की बाहेर.

म्हणून पीएफला पात्र असलेला माणूस नोकरीवरून काढल्याच्या वादात 'कामगार' ठरेलच असे नाही. एका ठिकाणचा आदेश दुसरीकडे वजनदार पुरावा म्हणून चालतो, पण बंधनकारक नसतो.

कंपनी मला स्वतःहून रोलवर घेतेय. आनंदाचीच गोष्ट ना?

आनंदाचीच. पण नियुक्तीपत्रावर तारीख कोणती आहे ते आधी पाहा. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच तारखेची. तुम्ही सहा वर्षे कन्सल्टंट म्हणून राबलात आणि पत्रात आजची तारीख पडली, तर कंपनीच्या लेखी तुमची सेवा आज सुरू होते. मागची सहा वर्षे कोणी नाकारत नाही. ती फक्त मोजली जात नाहीत.

त्याची किंमत बरीच मोठी आहे. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची सेवा लागते. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. समजा तुम्ही आठ वर्षे बिलावर आणि तीन वर्षे रोलवर काम करून बाहेर पडलात. सगळी अकरा वर्षे धरली तर ग्रॅच्युइटीही आहे आणि पेन्शनची पात्रताही आहे. फक्त तीन धरली तर दोन्ही नाहीत.

माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी रोलवर घेतल्याच्या आनंदात पत्रावर सही केली आणि मागच्या नऊ वर्षांच्या इनव्हॉइसची फाइल रद्दीत दिली. ती गोष्ट आठवली की मला आजही हळहळ वाटते. पत्रात 'आधीची सेवा सलग धरली जाईल' अशी एक ओळ मागा. कंपनी नाही म्हणाली तरी तुम्ही मागितल्याचा ईमेल राहू द्या.

मागचा पीएफ कोण भरणार? माझ्याकडून दोन्ही हिस्से वसूल होतील का?

कंपनी भरणार, आणि सहसा दोन्ही हिस्से तिलाच भरावे लागतात. पीएफ योजनेच्या परिच्छेद ३२ प्रमाणे कर्मचाऱ्याचा हिस्सा ज्या महिन्याचा त्याच महिन्याच्या वेतनातून कापता येतो. त्या वेळी कापला नाही तर नंतर पगारातून वसूल करता येत नाही. अनवधानाने झालेली चूक एवढाच अपवाद. 'हा कन्सल्टंट आहे' असे ठरवून वर्षानुवर्षे पीएफ न कापणे अनवधान कसे ठरेल?

हिशेब असा: महिना १४,००० रुपये मोबदला, चार वर्षे काम. १२ टक्क्यांप्रमाणे एका बाजूचे दरमहा १,६८०, म्हणजे ४८ महिन्यांचे ८०,६४०. दोन्ही बाजू मिळून १,६१,२८०. त्यावर पीएफ कायद्याच्या कलम ७क्यूखाली वार्षिक १२ टक्के व्याज, शिवाय कलम १४बीखाली नुकसानभरपाई, जी जून २०२४ पासून थकबाकीच्या महिना १ टक्का केली आहे. व्याज आणि भरपाई पूर्णपणे कंपनीची, तुमच्याकडून एक रुपयाही नाही.

कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही पीएफ लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये पवन हंसच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

माझा मोबदला महिना ४०,००० होता. तरी पीएफ मिळेल?

इथे एक खाच आहे. कामावर लागताना वेतन १५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल आणि तुम्ही आधी कधीच पीएफचे सदस्य नसाल, तर तुम्ही 'वगळलेले कर्मचारी' ठरता आणि पीएफ सक्तीचा राहत नाही. पण आधीच्या नोकरीतले पीएफ खाते चालू असेल, तर ही सूट लागत नाही. किमान १५,००० रुपयांवर हिस्सा भरावाच लागतो. म्हणून जुना यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) शोधा. पाच-सात हजारांच्या पहिल्या नोकरीतले विसरलेले खाते इथे कामाला येते.

ईएसआयचे काय?

वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर लागू. मालकाचे ३.२५ टक्के, तुमचे ०.७५ टक्के.

आता कराकडे येऊ. मी व्यावसायिक म्हणून ४४एडीएखाली (खर्चाचा हिशेब न देता निम्मी मिळकत उत्पन्न धरण्याची सोय) रिटर्न भरत आलो. ते चुकीचे ठरेल का?

आपोआप ठरत नाही. पीएफ कार्यालयाने तुम्हाला कर्मचारी म्हटले म्हणून आयकराचे जुने रिटर्न त्या दिवशी रद्द होत नाही. पण आयकर अधिकाऱ्याने ते उत्पन्न 'वेतन' या शीर्षाखाली ओढले, तर फरक मोठा पडतो.

आर्थिक वर्ष २०२५-२६ चे उदाहरण घेऊ. वास्तुविशारद, अभियंता, तांत्रिक सल्लागार अशा ४४एडीएत बसणाऱ्या व्यवसायातून २० लाख रुपये मिळाले. निम्मे, म्हणजे १० लाख उत्पन्न दाखवले. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलत असल्यामुळे कर शून्य. हेच २० लाख वेतन धरले, तर वजावट फक्त ७५,००० ची प्रमाणित. करपात्र १९.२५ लाख. टप्प्याटप्प्याने कर १,८५,००० आणि ४ टक्के उपकर धरून १,९२,४००. वर मागच्या तारखेपासूनचे व्याज.

तुमचे खर्चही जातात. ४४एडीए न वापरता खरा हिशेब देत असाल, तर व्यावसायिक म्हणून संगणकाचा घसारा, प्रवास, इंटरनेट, जागेचे भाडे वजा करता येत होते. वेतनात त्या वजावटी नाहीत. जुन्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट आहे, पण त्यासाठी पगारात तसा भत्ता असावा लागतो. तुमच्या इनव्हॉइसमध्ये तो कधीच नव्हता.

जुने वर्ष साधारणपणे संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षे तीन महिन्यांपर्यंत पुन्हा उघडता येते. दडलेले उत्पन्न ५० लाखांवर असेल तर पाच वर्षे तीन महिन्यांपर्यंत. स्वतःहून दुरुस्त करायचे असेल तर अद्ययावत रिटर्न ४८ महिन्यांपर्यंत भरता येते, पण उशिराप्रमाणे २५ ते ७० टक्के जादा कर लागतो, आणि कर कमी करण्यासाठी ते वापरता येत नाही.

कंपनीने १० टक्के टीडीएस कापला होता. तो वाया गेला का?

अजिबात नाही. कोणत्या कलमाखाली कापला यावर तुमची जमा अवलंबून नाही. १९४जेखाली (व्यावसायिक शुल्कावरच्या टीडीएसचे कलम) कापलेले पैसे तुमच्या पॅनवर जमा आहेत आणि एकूण करातून वजा होतातच. वरच्या उदाहरणात २० लाखांवर २ लाख कापले गेले असणार. वेतन धरले तरी कर १,९२,४००, म्हणजे मूळ करापुरते पाहिले तर खिशातून नवे काही जात नाही. पण ते २ लाख तुम्ही आधीच परतावा म्हणून घेतले असतील, तर मात्र परत करायची वेळ येते. परताव्याचे पैसे खर्च करण्याआधी हा विचार करत जा, असे मी कन्सल्टंट मंडळींना कळकळीने सांगतो.

कंपनी म्हणते, 'आम्हाला नोटीस आली, आता फरकाचा कर तुम्ही द्या.' द्यायचा का?

लगेच नाही. वेतनावर बरोबर टीडीएस कापणे ही कंपनीची जबाबदारी आहे (जुन्या कायद्यात कलम १९२, नव्यात ३९२). कमी कापला तर ती 'कसूरदार' ठरते आणि तिला महिना १ टक्का व्याज लागते. पण कलम २०१ मध्ये एक सुटका आहे: तुम्ही ती रक्कम रिटर्नमध्ये दाखवून कर भरला असेल आणि सनदी लेखापालाने तसे फॉर्म २६ए मध्ये प्रमाणित केले, तर कंपनी मूळ करातून सुटते आणि फक्त व्याज उरते. म्हणजे तुमचे प्रामाणिक रिटर्न कंपनीलाही वाचवते. मदत करा, हवे ते कागद द्या. पण तिच्या चुकीचे व्याज तुम्ही भरायचे कारण नाही.

मागच्या वर्षांचा फरक एकरकमी मिळाला. एकाच वर्षात सगळ्यावर कर?

थकीत वेतन मिळेल त्या वर्षी करपात्र होते, हे खरे. त्यामुळे वरचा टप्पा लागतो. त्यासाठीच कलम ८९ ची सवलत आहे: रक्कम ज्या त्या वर्षाची धरून कर काढायचा आणि जास्त बसलेला फरक वजा करून घ्यायचा. जुन्या कायद्याखालच्या वर्षांसाठी आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरता सवलत घेतली तर नोटीस येते. दर वर्षी कोणी ना कोणी हे विसरतोच.

कामावरून कमी केल्याची भरपाई असेल तर ती ठराविक सूत्राने, जास्तीत जास्त ५ लाखांपर्यंत करमुक्त असते. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत.

करप्रणाली बदलता येईल का?

नोकरदार दर वर्षी नवी-जुनी निवडू शकतो. धंद्याचे किंवा व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याला नव्या प्रणालीतून बाहेर पडून परत आत यायची संधी एकदाच मिळते. तुमचे सगळे उत्पन्न वेतनाचे झाले की हे बंधन सुटते. आगाऊ कराचे हप्तेही तुमच्या डोक्यावरून उतरतात, दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर.

मी जीएसटी लावून बिले देत होतो. आता?

कर्मचाऱ्याने नोकरीच्या ओघात मालकाला दिलेली सेवा जीएसटीच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे पुरवठाच नाही. म्हणजे रोलवर आल्याच्या तारखेपासून बिल बंद, जीएसटी बंद. दुसरे गिऱ्हाईक नसेल तर नोंदणी रद्द करा आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम रिटर्न, जीएसटीआर-१०, भरा. ते राहून गेले तर विलंब शुल्क वाढत जाते.

मागचा भरलेला जीएसटी परत मागायचा मोह होतो. परताव्याची मुदत दोन वर्षांची आहे, आणि कराचा भार ज्याने सोसला त्यालाच परतावा मिळतो. तुम्ही १८ टक्के कंपनीकडून वसूल केले असतील, तर ते पैसे तुमचे नाहीत. माझ्या मते या वाटेला जाण्यात बहुतेकांना काही मिळत नाही.

व्यवसाय कर दोनदा भरायचा का?

नाही. राज्यघटनेप्रमाणे एका माणसावर वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे. रोलवर आल्यावर कंपनी पगारातून कापेल. तुमच्या नावावरची पीटीईसी नोंदणी बंद करायला अर्ज करा.

रोलवर आलो तर हातात कमी पडतील ना?

थोडे कमी पडतात, पण वाटते तितके नाही. महिना ४०,००० चे बिल असेल तर १० टक्के टीडीएस जाऊन ३६,००० हातात येत होते. आता एकूण सीटीसी (तुमच्यावरचा कंपनीचा सगळा खर्च) तेच ४०,००० धरून मूळ वेतन २०,००० ठेवले, पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला, तर कंपनीचे १,८००, तुमचे १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ९६२, व्यवसाय कर २००. हातात साधारण ३५,२००. पूर्वी टीडीएसचा परतावा वर्षाने मिळायचा, तो आता नाही. हा खरा तोटा. पण दरमहा ३,६०० तुमच्या भविष्य निधीत जमा होतात; आधीपासून पेन्शन योजनेचे सदस्य असाल तर त्यातले १,२५० पेन्शनचे.

पीएफ लागू झाला म्हणून वेतन कमी करायला पीएफ कायद्याचे कलम १२ मनाई करते, हेही लक्षात ठेवा. मागच्या तारखेपासून कर्मचारी ठरलात, तर कालपर्यंत मिळणाऱ्या रकमेतून मालकाचा हिस्सा कापायला तुम्ही हरकत घेऊ शकता.

ग्रॅच्युइटी किती बसेल?

शेवटचे वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. वेतन २६,००० आणि सेवा सहा वर्षे असेल तर ९०,००० रुपये. नव्या संहितेत ठराविक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. पण 'मुदतीचा कर्मचारी' आणि 'मुदतीचा कन्सल्टंट' यांत गल्लत करू नका. हा लाभ पहिल्यालाच आहे.

प्रसूती रजा आणि बोनस?

प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केले असेल तर २६ आठवड्यांची भरपगारी रजा, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत. 'तुम्ही कन्सल्टंट आहात, बिल लावू नका आणि घरी राहा' असे ज्यांना सांगितले गेले, त्यांनी हा हक्क मागच्या प्रसूतीसाठीही तपासून घ्यावा. बोनस वेतन २१,००० पर्यंत असणाऱ्यांना, किमान ८.३३ टक्के.

एका हक्काला मात्र कर्मचारी ठरण्याची वाटच पाहावी लागत नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी, तात्पुरत्या, मध्यस्थामार्फत आलेल्या आणि बिनपगारी स्वयंसेवक स्त्रियासुद्धा येतात. 'तुम्ही आमच्या रोलवर नाही' हे कारण तक्रार समितीने सांगितले तर ते साफ चूक आहे.

मी थर्ड पार्टी पेरोलवर आहे. मूळ कंपनीचा कर्मचारी होऊ शकतो का?

मधला कंत्राटदार खरा असेल तर सहसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितले की कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीत सामावले जात नाहीत. पण कंत्राट नुसता देखावा असेल, म्हणजे निवड, देखरेख, शिक्षा सगळे मूळ कंपनीच करत असेल, तर ते मूळ कंपनीचेच कर्मचारी ठरतात. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. त्यासाठी कर्मचारी ठरण्याची गरज नाही.

ॲपवरून डिलिव्हरी किंवा टॅक्सी चालवतो. मलाही हे लागू?

सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग' आणि 'प्लॅटफॉर्म' कामगार ही वेगळी नावे दिली, पण त्यांना पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचे म्हटले. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सुरक्षा निधीत द्यायची आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. हा आधार आहे, नोकरी नाही.

मी स्वतःच इतकी वर्षे व्यावसायिक म्हणून रिटर्न भरले. माझा दावा संपला का?

संपला नाही. समोरचा वकील ते रिटर्न दाखवणार, हे नक्की. पण तो अनेक पुराव्यांपैकी एक आहे. कंपनीने १९४जेखाली टीडीएस कापून तुमच्यासमोर दुसरा पर्याय ठेवला नव्हता, हे सांगायला लाजू नका. फक्त एक करू नका: कोर्टात 'मी पहिल्या दिवसापासून नोकरदार' म्हणायचे आणि त्याच वर्षीच्या नव्या रिटर्नमध्ये पुन्हा निम्मे उत्पन्न दाखवायचे. दावा दाखल करायचे ठरले की आधी कर सल्लागाराशी आणि वकिलाशी एकत्र बसून बोला.

कोणते पुरावे जपू?

नाते सिद्ध करायचा भार दावा करणाऱ्यावर असतो, म्हणजे तुमच्यावर. हजेरीचे मशीन कंपनीचे, ईमेल कंपनीचा, ओळखपत्र कंपनीचे. काम सुटले की एका दिवसात सगळे हातातून जाते. म्हणून रजेचे मंजुरी-नामंजुरीचे मेसेज, शिफ्टचे तक्ते, कामाच्या मूल्यमापनाची पत्रे, व्हिजिटिंग कार्ड, दर महिन्याला त्याच तारखेला आलेल्या रकमेचे बँक स्टेटमेंट हे आपल्या ताब्यात ठेवा. कंपनीची गोपनीय माहिती, गिऱ्हाइकांच्या याद्या उचलू नका. तेवढ्यावरून दावा भरकटतो. आयकराच्या पोर्टलवरचे २६एएस (कापलेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचे माहितीपत्रक) मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नाही. कोणी, कधी, किती दिले याची सरकारी नोंद तिथे आहे.

'माझा कोणताही दावा उरलेला नाही' अशी सही मागतात. करू का?

रकमेचा तपशील मागितल्याशिवाय नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी यांसारखे कायद्याने दिलेले हक्क खासगी करारात सोडून देता येत नाहीत. तरी अशी सही पुढे अडथळा बनते, आणि लोक ती घाईत, गरजेपोटी करतात. समेट करायचाच असेल तर तो समेट अधिकाऱ्यासमोर लेखी व्हावा. त्यात सेवेची सुरुवातीची तारीख लिहिलेली असावी.

किती दिवसांत दाद मागावी?

मुदती वेगवेगळ्या आहेत आणि उशीर झाल्यामुळे चांगले दावे बुडालेले मी पाहिले आहेत. कामावरून काढल्याचा वाद औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे दोन वर्षांत न्यायाधिकरणाकडे न्यावा लागतो. जुन्या कायद्यात तीन होती. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्याखाली तक्रार ९० दिवसांत, उशिराला सबळ कारण असेल तर माफी. वेतनाच्या थकबाकीचा दावा तीन वर्षांत. पीएफच्या जुन्या कायद्यात चौकशीला मुदतच नव्हती. सामाजिक सुरक्षा संहितेने ती पाच वर्षांची केली आहे. म्हणून जुन्या थकबाकीची पीएफ तक्रार आधी करा, लेखी करा, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.